बादली, स्टॉपवॉच आणि पहिले उड्डाण

मार्च महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी मी ओहायोतील एका लहान विमानतळावर, हँगरच्या बाहेरच्या काँक्रीटवर, हातात स्टॉपवॉच घेऊन उकिडवा बसलो होतो. समोर माझ्या शेजाऱ्यांचे दोन आसनी विमान उभे होते. त्याचे पुढचे चाक फळ्यांच्या थप्पीवर चढवल्यामुळे नाक आकाशाकडे आणि शेपूट जमिनीकडे, असा त्याचा एकंदर थाट होता. इंजिनावरचे झाकण काढलेले होते, कार्बोरेटरला जाणारी इंधनाची नळी सोडवून तिचे तोंड खुणा केलेल्या बादलीत धरलेले होते, विमान आणि बादली दोन्ही अर्थिंगच्या तारेने जोडलेली होती आणि हाताच्या अंतरावर अग्निशामक नळकांडे ठेवलेले होते. शेजाऱ्यांनी कॉकपिटमधून विजेचा पंप सुरू केला, मी घड्याळाचे बटण दाबले आणि निळसर पेट्रोल बादलीत पडू लागले.

हे विमान त्यांनी नऊ वर्षे गॅरेजमध्ये बांधले. ते आयुष्यभर कारखान्यात टूलमेकर होते आणि त्यांच्या हाताला अशी सफाई आहे की पत्र्यावरच्या रिव्हेटच्या रांगेवरून बोट फिरवले तर एकही रिव्हेट बोटाला वर आलेला लागत नाही. अमेरिकेत अशी विमाने हजारोंनी उडतात. विमानाच्या कामाचा मोठा भाग, म्हणजे किमान ५१ टक्के, हौशी माणसाने शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून स्वतः केलेला असेल, तर तिथली विमान वाहतूक संस्था, म्हणजे एफएए, त्या विमानाला ‘प्रायोगिक’ या वर्गात उड्डाणाची परवानगी देते. संस्थेचा तपासनीस किंवा तिने नेमलेला प्रतिनिधी येऊन विमान आणि कागदपत्रे पाहून जातो; परंतु विमान हवेत कसे वागेल याची हमी तो देत नाही आणि देऊही शकत नाही. ते शोधून काढण्याची जबाबदारी मालकाची असते आणि त्या शोधाची सुरुवात पहिल्या उड्डाणाने होते.

पहिल्या उड्डाणात धोका असतो, हे कोणालाही सांगावे लागत नाही. मात्र तो कुठे असतो, याविषयीचा बहुतेकांचा अंदाज चुकतो. मी ही गोष्ट ज्याला ज्याला सांगितली, त्याने पहिला प्रश्न ‘पंख तुटले तर?’ हाच विचारला. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ साली घरी बांधलेल्या विमानांच्या अपघातांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार २०११ साली ही विमाने त्या देशातील खासगी आणि छोट्या विमानांच्या ताफ्यात सुमारे १० टक्के होती, पण अपघातांत त्यांचा वाटा सुमारे १५ टक्के आणि प्राणघातक अपघातांत २१ टक्के होता. या अपघातांची सर्वांत ठळक कारणे दोन निघाली: इंजिनाची शक्ती जाणे आणि वैमानिकाचा विमानावरचा ताबा सुटणे. सांगाडा मोडण्याचे प्रकार त्या मानाने थोडे होते. हौशी माणूस पंखाच्या बाबतीत धास्तावलेला असतो आणि म्हणूनच पंख चांगला बांधतो, असे मला वाटते. इंधनाची नळी हे त्याला किरकोळ काम वाटते.

आता पुन्हा बादलीकडे येतो. डाव्या टाकीतून एका मिनिटात १,३०० मिलिलिटर पेट्रोल आले. उजव्या टाकीतून आले ७८०. मी आकडा वाचून दाखवला तेव्हा शेजारी म्हणाले, ‘तुम्ही घड्याळ उशिरा बंद केले असणार.’ उशिरा बंद केले असते तर आकडा वाढला असता, कमी झाला नसता, हे त्यांच्या लक्षात यायला दोन क्षण लागले. आम्ही चाचणी आणखी तीनदा केली आणि तिन्ही वेळा आकडा आठशेच्या आतच राहिला.

यातला हिशेब समजून घेण्यासारखा आहे. एफएएच्या चाचणी-उड्डाण पुस्तिकेत असा ठोकताळा दिला आहे की पूर्ण शक्तीवर दर अश्वशक्तीमागे ताशी ०.५५ पौंड इंधन लागते असे धरावे, आणि पंपाने इंधन पुरवणाऱ्या विमानात प्रत्यक्ष प्रवाह त्याच्या सव्वापट, तर केवळ गुरुत्वाकर्षणाने इंधन उतरणाऱ्या विमानात दीडपट मिळाला पाहिजे. ही मोजणी नाक चढाईच्या कमाल कोनाहूनही थोडे अधिक वर करून करायची असते, कारण त्या स्थितीत टाकी आणि इंजिन यांच्या उंचीतला फरक सर्वांत प्रतिकूल असतो. शेजाऱ्यांचे इंजिन १६० अश्वशक्तीचे आहे. त्याला पूर्ण शक्तीवर मिनिटाला साधारण ९२५ मिलिलिटर इंधन लागते आणि सव्वापटीचा निकष लावला तर नळीतून ११५० मिलिलिटरच्या आसपास यायला हवे. उजवी टाकी ७८० देत होती. जमिनीवर इंजिन मंद गतीने कितीही वेळ चालवले असते तरी हा दोष कळला नसता, कारण मंद गतीला यातले चौथाई इंधनही लागत नाही. पूर्ण शक्तीवर दहा सेकंद चालवून पाहिले असते तरी कळले नसते, कारण तेवढी तूट कार्बोरेटरच्या वाटीत साठलेल्या इंधनाने भरून काढली असती. दोष नेमका तेव्हा प्रकट झाला असता, जेव्हा विमान धावपट्टी सोडून दोन-चारशे फुटांवर गेले असते, खाली धावपट्टी संपलेली असती आणि समोर झाडे आली असती.

पहिल्या उड्डाणात इंजिने का बंद पडतात, याचे उत्तर यातच आहे. कमाल शक्ती, चढता कोन, कंपने, झाकणाखाली कोंडलेली उष्णता आणि इंधनाचा सर्वाधिक प्रवाह या सगळ्या गोष्टी पहिल्या टेकऑफच्या वेळी आयुष्यात पहिल्यांदा एकत्र येतात. इंजिन कारखान्यातून प्रमाणित होऊन आलेले असले, तरी त्याच्या पोटात इंधन नेणारी सगळी व्यवस्था, म्हणजे टाक्या, नळ्या, हवा येण्याच्या वाटा, टाकी बदलण्याची तोटी, हे सारे घरच्या कामाचे असते. बरे, जमिनीवर तासन् तास इंजिन चालवून खात्री करावी, तर तेही जमत नाही. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला उभ्या विमानात पुरेशी हवा मिळत नाही. शिवाय नव्या इंजिनाच्या पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीवर नीट बसण्यासाठी पहिले काही तास ते भरपूर शक्तीवर चालावे लागते, आणि मंद गतीने फार वेळ चालवले तर भिंतीवर तेलाचा काचेसारखा थर जमून रिंगा कधीच नीट बसत नाहीत. म्हणजे ज्या इंजिनावर सर्वांत कमी विश्वास टाकावा, तेच पहिल्या दिवशी सर्वांत जोरात चालवावे लागते.

उजव्या टाकीच्या तोंडाशी बसवलेली जाळी आम्ही उघडली. टाकी गळू नये म्हणून सांध्यांना लावतात त्या सीलंटची नखाएवढी खपली जाळीवर चिकटून बसली होती. शेजाऱ्यांनी ती चिमट्याने उचलून पांढऱ्या चिंधीवर ठेवली आणि बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले. ही टाकी त्यांनी चार वर्षांपूर्वी बंद केली होती. ‘मी ती आतून पुसली होती,’ एवढेच ते म्हणाले. मला त्यांच्या शब्दावर शंका नाही. त्यांनी ती नक्कीच पुसली असणार.

माझा विमानांशी व्यवसायाचा काहीही संबंध नाही. मी नाशिकचा, नोकरीची पहिली सहा वर्षे सातपूरच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासनीस होतो आणि इथेही तेच काम करतो. आमच्या कामातला पहिला धडा असा की ज्याने भाग बनवला, त्याने तो तपासून सही करायची नाही. कारागीर अप्रामाणिक असतो म्हणून हा नियम केलेला नाही. बनवणाऱ्याला समोरच्या वस्तूत आपल्या मनातली वस्तू दिसते, म्हणून तो केलेला आहे. घरी बांधलेल्या विमानाच्या पहिल्या उड्डाणात मात्र हा नियम मुळापासून मोडलेला असतो. आराखडा वाचणारा, बांधणारा, तपासणारा, उडवणारा आणि काही बिघडले तर हवेत निर्णय घेणारा, असे पाचही जण एकाच खुर्चीत बसलेले असतात. माझ्या मते पहिल्या उड्डाणाचा खरा धोका इथे आहे. इंधन, नट आणि वेग ही त्याची वेगवेगळी रूपे.

हे सगळे मी आईला फोनवर सांगत होतो तेव्हा ती म्हणाली, ‘अरे, शिंप्याने शिवलेला सदरा शिंपीच घालून बघतो का?’ मी हसलो, पण त्या आठवड्यात तिचे वाक्य मी शेजाऱ्यांना भाषांतर करून ऐकवले, आणि ते हसले नाहीत.

मला त्यांनी बोलावले होते ते ‘न शिकलेला डोळा’ म्हणून. विमानातल्या प्रत्येक नटाला ठरलेल्या जोराने आवळल्यावर त्यावर आणि बोल्टवर मिळून रंगीत लाखेची एक रेघ ओढतात. नट सरकला तर रेघ तुटलेली दिसते. माझे काम टॉर्च घेऊन प्रत्येक रेघ पाहणे आणि यादीवर खूण करणे एवढेच होते. शेपटीकडच्या आडव्या पृष्ठभागाला, म्हणजे एलेव्हेटरला, हलवणाऱ्या दांडीच्या टोकाशी एक चेकनट होता. त्यावर केशरी रेघ अगदी सरळ आणि अखंड होती. यादीत फक्त ‘रेघ पाहणे’ लिहिले होते. पण कारखान्यातली सवय म्हणून मी नटाला बोट लावले, तर तो फिरला. रेघ आधी ओढली गेली होती आणि आवळायचे राहून गेले होते. मधे फोन आला असेल, जेवायला हाक आली असेल. नऊ वर्षांत अशी एक दुपार निघायचीच. तो नट सैल राहिल्याने दांडी त्याच दिवशी सुटली असती असे नाही, पण कंपनांनी ती हळूहळू फिरत राहिली असती. त्या संध्याकाळी आम्ही यादीतला ‘पाहणे’ हा शब्द खोडून सगळीकडे ‘हाताने तपासणे’ असे लिहिले आणि पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली.

सुकाणूंच्या दिशांची तपासणीही अशीच फसवी असते. हलते आहे ना, एवढे पाहून माणूस समाधानी होतो. योग्य बाजूला हलते आहे का, हे पाहायचे राहते. उलट्या जोडलेल्या एलेरॉनसह, म्हणजे विमान कलवणाऱ्या पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्यांसह, विमान उडवायचा प्रयत्न होणे, हा विमानविद्येच्या इतिहासात पुन्हा पुन्हा घडलेला अपघात आहे आणि तो केवळ हौशी लोकांकडूनच झाला आहे असेही नाही. त्यावर एक साधी युक्ती आहे: विमान चालवायची काठी मुठीत धरून अंगठा वर करायचा आणि काठी एका बाजूला झुकवायची; अंगठा ज्या बाजूला कलेल, त्या बाजूच्या पंखाचा एलेरॉन वर गेलेला दिसला पाहिजे. विजेवर चालणाऱ्या ट्रिमला, म्हणजे नाक हवे तितके वर-खाली टिकवून धरणाऱ्या यंत्रणेला, ही युक्ती लागू पडत नाही. तिथे दोन तारांची अदलाबदल झाली तर बटण ‘नाक खाली’ म्हणते आणि विमान नाक वर करते, म्हणून बटण दाबताना शेपटीपाशी दुसऱ्या माणसाने उभे राहावे लागते.

इतके सगळे नीट असले तरी उरतो तो वैमानिक. विमान बांधण्यात ज्याची नऊ वर्षे गेली, त्याचे उडणे त्या नऊ वर्षांत कमी झालेले असते, कारण वेळ आणि पैसा दोन्ही गॅरेजमध्ये जातात. माझ्या शेजाऱ्यांकडे वैमानिकाचा परवाना तीस वर्षांपासून आहे, परंतु आधीच्या वर्षात ते जेमतेम सहा तास उडले होते, आणि तेही एका संथ, चार आसनी, प्रशिक्षणाच्या विमानात. घरी बांधलेली विमाने बहुधा हलकी, चपळ आणि हाताला तिखट असतात. जिथे जुन्या विमानाला काठी चार बोटे ओढावी लागते, तिथे याला एक बोट पुरते.

याचे सर्वांत जुने उदाहरण आमच्याच ओहायो राज्यातल्या दोघा भावांचे आहे. डेटनच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात बांधलेले विमान राइट बंधूंनी किटी हॉकला नेले आणि १७ डिसेंबर १९०३ हा दिवस इतिहासात गेला, हे सर्वांना ठाऊक असते. त्याआधी तीन दिवस, १४ डिसेंबरला, नाणेफेक जिंकून विल्बर राइट त्याच विमानावर आडवे झाले होते. विमानाने धावण्याचा रूळ सोडला, त्यांनी नाक गरजेपेक्षा जास्त वर केले, विमान स्टॉल झाले, म्हणजे पंखांची उचल गेली, आणि साडेतीन सेकंदांत ते वाळूवर आदळले. दुरुस्तीला पुढचे दिवस गेले. विमान त्यांनी स्वतः बांधले होते, ग्लायडरवर शेकडो उड्डाणे केली होती, तरीही या नव्या यंत्राचे नाक किती हलक्या हाताने उचलते, हे हाताला माहीत नव्हते.

यावर अनेक जण सुचवतात तो उपाय म्हणजे धावपट्टीवर आधी विमान वेगाने पळवून पाहणे. टप्प्याटप्प्याने जाण्याची ही कल्पना ऐकायला शहाणपणाची वाटते, पण मला ती जपून वापरावी अशी वाटते. मंद गतीने टॅक्सी करून, म्हणजे विमान जमिनीवर चालवून, ब्रेक, वळणे आणि रेडिओ पाहणे आवश्यकच आहे. उड्डाणाच्या वेगाजवळ पळवताना मात्र इंजिन आणि ब्रेक तापतात, आणि एखाद्या झुळुकीने विमान आपसूक उचलले जाते, तेव्हा वैमानिकाच्या मनात उडायचे नसते आणि समोर थांबायला पुरेशी धावपट्टीही उरलेली नसते. जे उड्डाण करायचेच नव्हते, तेच अशा वेळी पहिले उड्डाण ठरते. त्यापेक्षा त्याच जातीच्या दुसऱ्या विमानात जाणत्या प्रशिक्षकासोबत पाच-दहा तास घालवणे कितीतरी अधिक उपयोगाचे.

इंजिन थांबले तर काय करायचे, हा निर्णय जमिनीवर असतानाच घेऊन ठेवावा लागतो. तीनशे फुटांवर इंजिन गेले की मागे वळून धावपट्टी गाठावी अशी अनावर ओढ लागते. हे वळण अर्ध्या वर्तुळाचे आहे असे वाटते, प्रत्यक्षात ते त्याहून जास्त असते, कारण वळताना विमान धावपट्टीच्या रेषेपासून बाजूला गेलेले असते आणि पुन्हा त्या रेषेवर यावे लागते. घाईने वळायचे म्हणून विमान ४५ अंशांत कलवले आणि उंची टिकवण्यासाठी काठी ओढून धरली, की स्टॉलचा वेग १९ टक्क्यांनी वाढतो. ६० अंशांत तो ४१ टक्क्यांनी वाढतो. इकडे नाक खाली दाबले नाही तर वेग तर घटतच असतो. दोन्ही रेषा जिथे एकमेकींना भेटतात, तिथे विमान गिरकी घेऊन पडते. समोरच्या शेतात सरळ उतरले तर विमान मोडेल, पण त्यातला माणूस बहुधा चालत बाहेर येईल, हे प्रत्येक प्रशिक्षक सांगतो. ज्याने ते विमान नऊ वर्षे बांधले, त्याला मात्र ते शेतात मोडू देणे हे अवघड जाते. भाड्याच्या विमानात ज्याचा हात सरळ राहिला असता, त्याचाच हात स्वतःच्या विमानात वळतो.

बांधणाऱ्याची चूक दुसऱ्याच्या जिवावर कशी येते, याची नोंदही सरकारी कागदात आहे. गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियातील माँटेरेजवळ समुद्रात कोसळून वारले, ते घरी बांधलेल्या लाँग-ईझी जातीच्या विमानात. हे विमान नवे नव्हते, दुसऱ्याने बांधलेले आणि वापरलेले होते. डेन्व्हर यांना मात्र नवे होते. आदल्या दिवशी त्यांना त्याची सुमारे अर्ध्या तासाची ओळख करून देण्यात आली होती. मूळ आराखड्यात टाकी बदलण्याची तोटी वैमानिकाच्या हाताशी होती. बांधणाऱ्याने ती वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे नेली आणि तिच्यावर खुणाही नव्हत्या. उड्डाणापूर्वी ती तोटी हाताला नीट येत नाही याची चर्चा झाली होती, तिला पक्कड लावून लांब करण्याचाही प्रयत्न झाला होता. तपासाचा निष्कर्ष असा होता की तोटीपर्यंत पोहोचण्याच्या खटपटीत त्यांचे लक्ष विचलित झाले, उजव्या रडरवर, म्हणजे शेपटीचे उभे सुकाणू वळवणाऱ्या पायपट्टीवर, नकळत पाय दाबला गेला आणि ताबा सुटला. त्यासोबत अपुरे इंधन, त्या विमानाचा अपुरा सराव आणि तोटीची जागा ही कारणेही नोंदली गेली. २०१२च्या अभ्यासातही अपघातग्रस्त विमानांपैकी निम्म्याहून अधिक विमाने वापरलेली विकत घेतलेली निघाली. विमानाचे पहिले उड्डाण एकदाच होते, पण प्रत्येक नव्या मालकाचे पहिले उड्डाण वेगळे असते, हा मुद्दा मला त्या अभ्यासातला सर्वांत मोलाचा वाटतो.

नियमांनी या धोक्याला कुंपण घातले आहे. पहिले २५ किंवा ४० तास हा चाचणीचा टप्पा मानला जातो. इंजिन आणि प्रोपेलर (फिरता पंखा) यांची जोडी प्रमाणित असेल तर २५, नसेल तर ४०. अलीकडे तासांऐवजी ठरलेल्या चाचण्यांची यादी पूर्ण करण्याचा मार्गही खुला झाला आहे. या टप्प्यात प्रवासी न्यायचा नाही, दाट वस्तीवरून जायचे नाही आणि ठरवून दिलेल्या क्षेत्राबाहेर पडायचे नाही. पूर्वी ‘आवश्यक तेवढीच माणसे’ या अटीमुळे बांधणारा एकटाच बसत असे. २०१४ साली एफएएने, ठराविक निकषांत बसणाऱ्या विमानांसाठी, त्या जातीचा अनुभव असलेल्या दुसऱ्या वैमानिकाला सोबत घेण्याची मुभा दिली. एकाऐवजी दोन जीव धोक्यात घालण्यावर तेव्हा आक्षेपही घेतला गेला, आणि तो अगदीच खोटा नाही. पण ताबा सुटणे हे जिथे मोठे कारण आहे, तिथे जाणता हात शेजारी असणे मला अधिक वजनदार वाटते.

वस्तीपासून दूर जाण्याच्या बाबतीत आपल्याकडचे उदाहरण आठवते. वैमानिक अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले, २०१६ साली ते ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात लोकांनी पाहिले, पुढच्या वर्षी त्याची नोंदणी झाली, आणि त्याच्या उड्डाण चाचण्या २०२० साली झाल्या त्या धुळ्याच्या धावपट्टीवर. गच्चीवरच्या विमानाच्या बातम्या सगळ्यांनी चवीने वाचल्या. धुळ्याची निवड ही त्या बातमीतली कमी रंगतदार ओळ होती, पण तपासनिसाच्या नजरेने मी तिला अधिक गुण देईन.

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांना पटकन कळेल: पहिल्या उड्डाणाला मुहूर्त नसावा. शेजाऱ्यांनी त्यांच्या अडुसष्टाव्या वाढदिवसाची तारीख ठरवली होती, मुलगी नातवंडांना घेऊन टेक्सासहून येणार होती, आणि क्लबातल्या कोणीतरी केकवर विमानाचे चित्र काढून घ्यायचे कबूल केले होते. लोक जमले की वारा जरा जास्त असला तरी तो कमी वाटू लागतो. तो वाढदिवस त्यांनी घरी साजरा केला आणि विमान हँगरमध्येच राहिले, याचे बरेचसे श्रेय त्या सीलंटच्या खपलीला आहे, आणि थोडे आईच्या शिंप्याला.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एका मंगळवारी, सकाळी सात वाजता, वारा अजिबात नसताना ते विमान उडाले. उडवले ते त्याच जातीच्या विमानात शेकडो तास घालवलेल्या एका बाईंनी. रंग दिल्यानंतर तीन काट्यांवर विमान पुन्हा तोलून घेतले होते आणि भार मुद्दाम मर्यादेच्या पुढच्या निम्म्या भागात ठेवला होता, कारण भार मागे सरकला की विमान डळमळीत होते. मैदानावर आम्ही चौघे होतो: शेजारी, त्यांच्या पत्नी, अग्निशामक नळकांडे घेऊन क्लबातले एक गृहस्थ आणि रेडिओवर ऐकून आकडे लिहून घेणारा मी. बाईंनी विमान धावपट्टीच्या बरोबर वर चार हजार फुटांवर नेले आणि तिथेच घिरट्या घालत राहिल्या, म्हणजे केव्हाही इंजिन थांबले तरी धावपट्टी आवाक्यात राहावी. मग उंचीवरच वेग हळूहळू कमी करत त्यांनी विमान कोणत्या आकड्यावर थरथरते ते पाहिले. हे उतरण्यापूर्वीच करावे लागते, कारण वेग दाखवणारे यंत्रही घरीच बसवलेले असते आणि ते खरे बोलते की नाही, हे अजून कोणाला माहीत नसते. शेजारी घडीच्या खुर्चीवर बसले होते. ते वर पाहत नव्हते. डोळे मिटून फक्त इंजिनाचा आवाज ऐकत होते.

अडतीस मिनिटांनी विमान उतरले. माझ्या वहीत नोंदी होत्या: डावा पंख जड वाटतो, तिसऱ्या सिलिंडरचे तापमान इतरांपेक्षा जास्त, वेगाचा काटा बहुधा पाच-सहा नॉटने चढा, रेडिओत खरखर. बाईंनी उतरून शेजाऱ्यांशी हात मिळवला, त्यांच्या पत्नीने फोटोसाठी त्यांना विमानापुढे उभे राहायला सांगितले, पण शेजाऱ्यांनी आधीच खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला होता. इंजिन अजून टिकटिक आवाज करत थंड होत होते. त्यांनी झाकण उतरवले, टॉर्च माझ्या हातात दिला आणि म्हणाले, ‘मागच्या बाजूने सुरुवात करा, मला काय दिसले ते मी शेवटी सांगतो.’